‘पर्यंत’ आणि ‘पासून’: नाशिकच्या आमदार-खासदारांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातले पंधरा आमदार आणि या जिल्ह्याच्या मतांवर दिल्लीला गेलेले तिन्ही खासदार,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडला राहते. या जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या न्यायालयांत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात होते. शेवटची नऊ वर्षं सत्र न्यायाधीशांच्या समोरच्या टेबलाशी बसले, बेंच क्लार्क म्हणून. पुराव्याच्या कागदांवर निशाणी टाकायची, रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद, लिहायचा, पुढची तारीख सांगायची, हे माझं काम. निकालात माझा शब्द नसतो. पण फाइल उघडते तेव्हा ती माझ्या हातात असते आणि बंद होते तेव्हाही माझ्याच हातात. त्या अधिकारात हे पत्र लिहिते आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून साकीनाक्याचे पोलीस आले आणि आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखाना निघाला. एमडी म्हणजे मेफेड्रॉन हे नशेचं द्रव्य; ते दीडशे किलोच्या आसपास, किंमत तीनशे कोटी. शिंदे माझ्या घरापासून पुणे रस्त्याने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत कोणी दुसरं बोलत नव्हतं. मोर्चे निघाले, आपल्यापैकी अनेकांनी सभागृहात प्रश्न विचारले, आणि ते विचारायलाच हवे होते. असा कारखाना चालवणाऱ्याला कायद्यात आहे ती शिक्षा पूर्ण व्हावी, हे माझंही मत आहे. माझी तक्रार अशी की आपण ज्या कायद्याच्या जिवावर ही लढाई लढतो आहोत, तो कारखानदारापर्यंत क्वचित पोचतो. जे त्याच्या हाती लागतात त्यांना निकाल मिळत नाही, नुसता तुरुंग मिळतो. आणि हे होताना कोर्टाचं जे होतं, ते आपल्यापर्यंत येत नाही, कारण ते रोजनाम्याच्या कागदावर राहतं.

अमली पदार्थांचा हा कायदा १९८५ चा. त्याचं मराठी नाव लांबलचक आहे, कोर्टात सगळे एनडीपीएस म्हणतात. त्यात सगळं वजनावर चालतं. गांजाचं उदाहरण घेते. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत. त्याच्या वर वीस किलोपर्यंत मधलं प्रमाण, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर काटा गेला की ‘कमर्शियल क्वांटिटी’. तिथे शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते, वीसपर्यंत जाते, आणि दंड एक लाखाच्या खाली नाही. शब्द नीट बघा. ‘पर्यंत’ होतं, त्याचं ‘पासून’ झालं. वीस किलोच्या आत न्यायाधीश समोरचा माणूस बघू शकतात: हा मालक आहे की हमाल, पहिला गुन्हा आहे की पाचवा, वय काय, घरी कोण. वीसच्या वर दहा वर्षांच्या खाली यायची मुभाच नाही. तिथे न्यायाधीशांच्या आधी काटा बोललेला असतो.

आता काट्याचं सांगते. एका फाइलचं. नाव, गाव, पोलीस ठाणं सांगत नाही.

पिकअप चालवणारा मुलगा, वय चोवीस, आदिवासी पट्ट्यातला. भाड्याने भाजी वाहायचा. पहाटे नाकाबंदीत गाडी अडवली, टोमॅटोच्या कॅरेटखाली दोन गोण्या मिळून आल्या. पंचनाम्यातलं वर्णन असं: उग्र वासाचा, हिरवट, ओलसर, पाने, काड्या, बिया व बोंडे असलेला संमिश्र पदार्थ. वजन एकवीस किलो तीनशे ग्रॅम. वर्णन पुन्हा वाचा. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा बोंडाचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया गांजा ठरत नाहीत. या गोण्यांत सगळं एकत्र होतं आणि काड्याही होत्या. कोणी वेगळं केलं नाही. पदार्थ ओला होता, म्हणजे पाणीही मोजलं गेलं. गोण्यांचं वजन वजा केलं होतं की नाही, हे पंचनाम्यावरून कळत नव्हतं. वीस किलोची रेघ त्याने एक किलो तीनशे ग्रॅमने ओलांडली होती. त्या एक किलो तीनशे ग्रॅममध्ये पाणी किती आणि काड्या किती, हा प्रश्न त्याच्या वकिलांनी जामिनाच्या अर्जात विचारला. उत्तर आलं की तो पुराव्याचा भाग आहे, खटल्यात बघू.

कलम ५२ए प्रमाणे जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर व्हायला हवेत. ते झाले सात महिन्यांनी. तेव्हा तोच माल साडेसोळा किलो भरला. वाळला होता. पण आरोप जप्तीच्या दिवसाच्या वजनावर ठेवलेला होता आणि तो तसाच राहिला.

खटला उभा राहायला आणि संपायला तीन वर्षं पाच महिने लागले. सगळा काळ तो आत. त्या फाइलचा रोजनामा मी लिहिला आहे, त्यामुळे ओळी पाठ आहेत. ‘आरोपीस पोलीस गार्डअभावी हजर केले नाही.’ ‘सीए रिपोर्ट अप्राप्त’, म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल आलेला नाही. ‘साक्षीदार पोलीस नाईक यांची बदली झाल्याने समन्स विनाबजावणी परत.’ ‘सरकार पक्षातर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर.’ ‘आरोपीस गार्डअभावी हजर केले नाही.’ प्रत्येक ओळीखाली नवीन तारीख आणि माझी सही.

शेवटी पुरावा झाला तो चार बैठकांत. एका पंचाने सांगितलं की सह्या ठाण्यात तयार कागदांवर घेतल्या. नमुन्याच्या पाकिटावरचं सील आणि पंचनाम्यावरच्या सीलचा नमुना जुळला नाही. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. न्यायाधीशांनी निकालाचा शेवटचा भाग मराठीतून समजावून सांगितला. तो मुलगा पिंजऱ्यातून खाली उतरला, माझ्या टेबलाशी आला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “मॅडम, आता पुढची तारीख कोणती?”

मला बोलता आलं नाही. शिपायाने त्याला सांगितलं.

तो निर्दोष होता का? मला माहीत नाही. गोण्यांत काय आहे हे त्याला ठाऊक असेलही. हा कायदा कलम ३५ आणि ५४ मध्ये आरोपीविरुद्ध गृहीतकं धरतो. माल ताब्यात सापडला की तो जाणीवपूर्वक बाळगला असं आधी मानायचं, नंतर ते खोटं आहे हे आरोपीने दाखवायचं. इथे तो प्रश्न आलाच नाही, कारण खटला सीलवरच पडला. गोण्या कोणाच्या होत्या? दोषारोपपत्रात एका नावापुढे ‘पाहिजे आरोपी’ असं लिहिलं होतं. निकालाच्या दिवशीही तो पाहिजेच होता. साडेतीन वर्षांत कोणाला काही कळलं नाही, ना त्याला, ना कोर्टाला, ना समाजाला.

असं का होतं हे सांगायला जामिनाच्या कलमापाशी थांबावं लागेल. कलम ३७ मधल्या जामिनाच्या कडक अटी १९८९ च्या दुरुस्तीने आल्या, आणि २००१ च्या दुरुस्तीने त्या मुख्यतः कमर्शियल क्वांटिटीच्या प्रकरणांपुरत्या झाल्या. कमर्शियल क्वांटिटी असेल तर सरकारी वकिलांचं म्हणणं ऐकल्याशिवाय जामीन नाही. त्यांनी विरोध केला, आणि ते करतातच, तर हा माणूस दोषी नाही असं मानायला वाजवी कारणं आहेत आणि बाहेर गेल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींचं न्यायाधीशांना समाधान व्हायला हवं. साक्षीदार अजून कोर्टात आलेले नाहीत, प्रयोगशाळेचा अहवाल यायचा आहे, आणि न्यायाधीशांनी आधीच म्हणायचं की हा बहुधा दोषी नाही. कोणते न्यायाधीश असं सहज लिहून देतील? इतर गुन्ह्यांत दोषारोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. इथे मुदत १८० दिवस, आणि सरकारी वकिलांनी कारणं दाखवली तर वर्षापर्यंत वाढते.

सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण ओळखली आहे. २०२३ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात, आरोपी सात वर्षांहून अधिक काळ आत होता, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की कलम ३७ चा अगदी शब्दशः अर्थ लावला तर जामीन कधीच मिळणार नाही, आणि खटला अवास्तव लांबला असेल तर हे कलम जामिनाच्या आड येत नाही. चांगला निकाल आहे. पण तो वापरायला आधी काही वर्षं आत काढावी लागतात, मग मुंबईला उच्च न्यायालयात वकील लावावा लागतो. पेठ-सुरगाण्याच्या माणसाला मुंबईचा वकील म्हणजे बैलजोडी विकणं. ज्याच्या गाठी पैसा आहे त्याचा वकील तीन महिन्यांत तिथे पोचलेला असतो. हा फरक मी नऊ वर्षं बघितला.

जामीन मिळाला तरी संपत नाही. पंचवीस-पन्नास हजारांचा जामीनदार लागतो, त्याचा सातबारा किंवा तहसीलचा ऐपतीचा दाखला लागतो. आदेश झालेला, आणि माणूस महिनाभर आतच, असं मी कितीदा बघितलं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला यासाठी सूचना दिल्या. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेलने जावा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात हमी देता आली नाही तर कोर्टाने अटी सैल करण्याचा विचार करावा. आपल्यापैकी कोणी नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जाऊन विचारलं आहे का, की आदेश होऊनही आत असलेले किती? देशात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती, म्हणजे दर चारांतले तीन निकालाची वाट बघणारे.

कोणी म्हणेल, गुन्हेगार आत आहेत ना, मग बिघडलं काय. बिघडतं ते असं. शिक्षा जितकी कडक तितका पुरावा काटेकोर लागतो, हे तत्त्व आहे आणि ते योग्य आहे. दहा वर्षांची किमान शिक्षा द्यायची तर न्यायाधीश बघणारच: मिळालेली खबर कलम ४२ प्रमाणे लिहून वरिष्ठांना पाठवली का, अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला का, नमुने कधी काढले, सील कोणाकडे होतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ५२ए चं पालन झालं नाही एवढ्याने आपोआप सुटका नाही. तरी संशय राहिला तर तो आरोपीकडेच जातो. आणि घाईत झालेल्या छाप्यात यातलं काहीतरी चुकतंच. मग खरा विक्रेताही सुटतो आणि चुकून अडकलेला ड्रायव्हरही सुटतो, दोघेही तीन-तीन, चार-चार वर्षं आत काढून. कोर्टाला दोघांत फरक करण्याची संधीच मिळत नाही. ज्याच्यामुळे घरं उद्ध्वस्त होतात त्याला शिक्षा होत नाही, आणि ज्याचा काही दोष नव्हता त्याला ती आधीच होऊन गेलेली असते.

पंचांचं सांगायलाच हवं. काही नावं मला चार-चार फाइलींत दिसायची. तीच माणसं, तेच पत्ते, कधी तर एकाच आठवड्यात दोन ठिकाणी पंच. उलटतपासात वकील जुन्या केसचे नंबर काढायचे आणि पंच गप्प व्हायचा. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक झालं आहे. हे मन लावून झालं तर पंचांचा हा प्रश्न बराचसा सुटेल. मुद्दाम छळासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठीही या कायद्यात शिक्षा आहे, कलम ५८ मध्ये: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. ते कलम लागलेली एकही फाइल माझ्या टेबलावर आली नाही.

त्याच न्यायाधीशांच्या बोर्डावर रोज साठ-सत्तर प्रकरणं असतात. ज्यांच्यासमोर एनडीपीएसचे खटले, त्यांच्याचसमोर खून, पोक्सो, अपिलं, मोटार अपघाताचे दावे. आरोपी आत असलेला खटला आधी घ्यावा लागतो, ते बरोबरच आहे. पण तो घ्यायचा म्हणून सकाळ राखून ठेवायची आणि साक्षीदार यायचाच नाही. आणि मागच्या बाकावर एक बाई बसलेली असते, घोटीजवळ ट्रकने नवरा गेला, मुलांची फी भरायची आहे, तिच्या दाव्याला अकराव्यांदा पुढची तारीख. अमली पदार्थांच्या धोरणाचा न्यायव्यवस्थेवर काय परिणाम होतो असं मला कोणी विचारलं तर मी आकडे सांगणार नाही. त्या बाईला दाखवीन.

मालेगावच्या आमदारांना वेगळं सांगायचं आहे. आपल्याकडच्या ‘कुत्ता गोळी’ने किती घरं पोखरली हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती बहुतेकदा अल्प्राझोलमची गोळी असते, झोपेची, चिंतेवरची, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी. अल्प्राझोलमचं अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत आणि १०० ग्रॅमच्या वर कमर्शियल. २०२० च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वजन निव्वळ अमली द्रव्याचं धरायचं नाही, त्यात मिसळलेल्या इतर पदार्थांसकट पूर्ण मिश्रणाचं धरायचं. विक्रेते भेसळ करूनच विकतात, या विचाराला अर्थ आहे. पण गोळीचा हिशोब करून बघा. एक गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, आणि स्टार्च-पावडरसकट तिचं वजन शंभर मिलिग्रॅम धरलं, तर हजार गोळ्या म्हणजे शंभर ग्रॅम. त्यातलं खरं औषध किती? अर्धा ग्रॅम. शुद्ध औषधावर मोजलं तर विक्रेता अल्प प्रमाणाच्याही दहाव्या हिश्शात येतो, आणि पूर्ण गोळीवर मोजलं तर आणखी एक पट्टी ठेवली की दहा वर्षांपासून पुढच्या रकान्यात जातो. हजार गोळ्या बेकायदा विकणाऱ्याला शिक्षा व्हावीच. पण ती हेरॉइनचा पाव किलो विकणाऱ्याच्या पंक्तीला बसवून व्हावी का, याचा विचार संसदेत झालाच पाहिजे. हा आकडा केंद्र सरकारच्या अधिसूचनेतला आहे, आणि ती ज्या कायद्याखाली निघते तो संसद करते.

आणि पिणारी मुलं. हे लिहिताना हात जड होतो.

दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात असताना सोमवारी अशी मुलं यायची. पुलाखाली, मैदानात, सिगरेटमध्ये गांजा भरून ओढताना धरलेली. कलम २७: गांजासारख्या पदार्थाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं की या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, अल्प प्रमाणाचेसुद्धा. म्हणजे आपल्या राज्यात एका पुडीसाठी धरलेल्या मुलालाही ठाण्यातून हक्काने जामीन नाही, कोर्टातच यावं लागतं. मुलं काय करायची? गुन्हा कबूल. दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. संध्याकाळी घरी. बापाला वाटायचं, सुटला. दोन वर्षांनी तोच मुलगा अंबडच्या किंवा सातपूरच्या कंपनीत कायमच्या नोकरीला उभा राहिला, की चारित्र्य पडताळणीत ती कबुली वर यायची.

त्या काळात एक आई आली होती. मुलगा गांजावरून एमडीवर गेला होता. ती तक्रार करायला आली नव्हती. तिने विचारलं, “ताई, याला आत ठेवण्याऐवजी दवाखान्यात ठेवायचं काही कलम नाही का?” आहे. कलम ६४ए. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं संसदेने लिहून ठेवलं आहे. कलम ३९ त्याच्या पुढचं: दोषी ठरल्यावरही न्यायाधीश अशा माणसाला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकतात. त्या दिवशी मी वकिलांना विचारलं, कोणाला अर्जाचा नमुना ठाऊक नव्हता. मान्यताप्राप्त केंद्रांची यादी कोर्टात नव्हती. त्या आईला मी फक्त एक कलमाचा आकडा चिठ्ठीवर लिहून देऊ शकले. पुढे काय झालं, ते ती मला सांगायला आली नाही आणि मी शोधायला गेले नाही. ते मला आजही टोचतं. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या सेवनासाठी बाळगलेलं अल्प प्रमाण गुन्ह्याच्या कक्षेतून काढून अशा माणसाला उपचाराकडे पाठवावं, अशी शिफारस केली होती. खासदारांनी ती कुठे अडली आहे ते विचारावं.

आमदारांना मोक्काबद्दल, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्याबद्दल, विचारायचं आहे. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हे मोक्काच्या कक्षेत आणणारं विधेयक आपण मंजूर केलंत. मोक्का टोळीसाठी आहे, दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं असल्याशिवाय तो लागत नाही, हे मला ठाऊक आहे. शिंदेसारख्या कारखान्यामागच्या साखळीला तो लागला तर कोणाची हरकत असणार? पण मोक्कात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा ठरते. २०२० च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने एनडीपीएसखालच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेले कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत असं ठरवलं, ते फार विचार करून. एका दाराला कुलूप लागलं आणि आपण शेजारचं दार उघडलं. आता निदान एवढं बघा की त्या दारातून पिकअपचा ड्रायव्हर आत ढकलला जात नाही. दर अधिवेशनात विचारा: या दुरुस्तीखाली नाशिक परिक्षेत्रात किती जणांना मोक्का लागला, त्यातले पुरवठादार किती आणि वाहक किती.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. २०१५ च्या सिंहस्थात आमच्या रोजनाम्यावर आठवडेच्या आठवडे एकच वाक्य होतं: बंदोबस्तामुळे गार्ड उपलब्ध नाही. तपास अधिकारी बंदोबस्तात, साक्षीदार हवालदार बंदोबस्तात, पिंजरा रिकामा. या वेळी गर्दी आणखी मोठी असेल, नाकाबंदी आणखी कडक, आणि अटकाही जास्त. आधीच ठरवा. कोर्टाच्या गार्डसाठी काही मनुष्यबळ बंदोबस्तातून वेगळं राखा. बदली झालेल्या पोलिसांची साक्ष व्हिडिओवरून घ्यायची सोय नव्या संहितेत आहे, तिच्यासाठी प्रत्येक सत्र न्यायालयात चालू स्थितीतलं यंत्र आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक खोली लागते, एवढंच. आणि जप्त गाड्या. ठाण्याच्या आवारात पिकअप, रिक्षा गंजत पडतात आणि फायनान्सचे हप्ते चालू राहतात. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खटला चालू असताना अशी गाडी अटी घालून मालकाला परत द्यायला या कायद्यात बंदी नाही. ठाण्यांना ते कोणीतरी कळवायला हवं.

सगळ्यात शेवटी एक छोटं काम सांगते, त्याला ना नवा कायदा लागतो ना निधी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थविरोधी समन्वय समिती असते. कारवाईचा हिशोब जिथे मांडला जातो तिथे किती गुन्हे दाखल, किती अटक, किती किलो जप्त, हेच आधी येतं. त्या तक्त्यात काही रकाने वाढवून घ्या. तीन महिन्यांहून जास्त काळ सीए रिपोर्ट न आलेली प्रकरणं किती. ५२ए ची कार्यवाही न झालेली किती. दोन वर्षांहून जास्त काळ आत असलेले कच्चे कैदी किती. ‘पाहिजे आरोपी’ किती आणि त्या महिन्यात त्यातले सापडले किती. जामीन होऊनही जामीनदाराअभावी आत असलेले किती. ६४ए खाली उपचाराला पाठवलेले किती. हे आकडे दर महिन्याला जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक यांच्यासमोर आले, तर किलोचा आकडा एकटा बोलणार नाही.

असा तक्ता कसा आखायचा, कोणता आकडा कोणत्या रजिस्टरमधून निघतो, हे मला येतं. एकतीस वर्षं तेच केलं. आपल्यापैकी कोणी बोलावलं तर मी येईन, कागद आणि पट्टी घेऊन येईन, आणि संबंधित लिपिकांना बसवून शिकवीन. मानधन नको.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
नाशिकरोड